तुळशीराम कशानं मेला

अध्यक्ष महाराज, पातूरची आणि शेजारपाजारच्या खेड्यांतून आलेली मंडळी, आणि तिकडे भिंतीपाशी बसलेल्या मायबहिणींनो,

माझा घसा आज चालत नाही. उन्हाचं निमित्त सांगणार होतो. घरून निघताना तसं ठरवलंही होतं. पण ते खोटं आहे आणि आज खोटं बोलायचं नाही, असं मी एका बाईला कबूल करून आलो आहे.

तुम्ही मला शेवटी बोलायला ठेवलं. काहून ठेवलं ते मला ठाऊक आहे. सारा जन्म मी या गावात मास्तरकी केली. गणपतीत बोललो, लग्नांत बोललो, कलेक्टरसाहेब आले तेव्हा बोललो. मास्तर उभा राहिला की सभा जागची हलत नाही, असं तुम्ही म्हणता. मलाही ते ऐकायला फार आवडायचं. फार आवडायचं.

माझ्या आधी चौघं बोलले. एक म्हणाले, तुळशीरामजींना देवाज्ञा झाली. दुसरे म्हणाले, पोटाचा जुना विकार होता. तिसऱ्यांनी उष्णतेवर ढकललं. चौथे म्हणाले, वेळ आली होती. चौघंही जाणती माणसं. चौघांनाही खरं माहीत आहे.

मंडळी, तुळशीराम लघवी तुंबून मेला.

बसा. कोणी उठू नका. मायबहिणींनो, तुम्हीही बसा. या शब्दाची लाज वाटत असेल तर तीन वर्षं त्याच्यासोबत रात्र रात्र कोण जागत होतं, ते तुमच्यातच बसलेल्या गंगूवहिनींना विचारा. त्याच्या बायकोला सोसलं ते तुम्हाला ऐकायला काय हरकत आहे?

तुळशीराम कोण होता हे पातूरकरांना सांगायला नको. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. नदीकाठी त्याची बाग. वांगी, मिरची, झेंडू, शेवंती, गुलछडी. फुलांच्या टोपल्या मोटारीच्या टपावर घालून अकोल्याला पाठवणारा आमच्यातला पहिला माणूस तो. अंगानं धिप्पाड. तोंडानं फाटका. एकदा अकोल्याच्या बाजारात एका दलालानं त्याच्या गुलछडीला शिळी म्हटलं, तर यानं त्या दलालाची पगडी उचलून पाण्याच्या हौदात बुडवली आणि म्हणाला, "घ्या, आता हे ताजी झाली." असा माणूस. कोणाचं मन राखणं त्याला कधी जमलं नाही.

पण मानमोडीची साथ आली तेव्हा माझी बायको तिसऱ्या दिवशी गेली. घराघरात माणूस मरत होता. खांदा द्यायला माझ्या भावकीतले दोघे आले, तिसरा मी. चौथा मिळेना. लोक दाराच्या फटीतून पाहत होते, बाहेर कोणी येत नव्हतं. तुळशीराम मोट तशीच सोडून ओल्या धोतरानं आला. खांदा दिला. मग दहा दिवस माझ्या ओसरीवर झोपला. गंगूवहिनी त्याची भाकर तिथंच पाठवत. त्याला भीती नव्हती असं नाही. नंतर मला म्हणाला होता, "मास्तर, भेव त मले बी लागत होतं. पन तू एकटा होता न."

या माणसाशी मी काय केलं, ते आता ऐका.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं आणि गावातले आणखी काही जण एका लग्नाला बंडीनं निघालो होतो. पातूरहून निघाल्यापासून तुळशीराम तीनदा उतरला. बाभळीच्या आडोशाला जाऊन उभा राहायचा. उभाच राहायचा. बंडीत आम्ही वाट पाहत बसायचो. परत आला की तोंड उतरलेलं. चौथ्यांदा तो उतरायच्या आधीच बैल बाभळीपाशी हळू झाले. मी म्हणालो, "पाहा, बैलांनाही आता समजायला लागलं." बंडीतले सगळे हसले. तुळशीरामही हसला. तो हसला म्हणून मला जोर आला.

आणि त्याला नाव पडलं. झारी. बागवानाला साजेसं नाव. रोपांना पाणी घालायची झारी, थेंब थेंब गळणारी. "झारी आली." "झारी बसली का?" "झारी कुठं ठेवली?" तुमच्यापैकी कोणी ते नाव घेतलं नाही? शाळेत मी हजेरी घेत असे. आज घेत नाही. पण ते नाव कोणी ठेवलं हे तुम्ही विसरला असाल तर आठवण करून देतो. मी ठेवलं. इतकं नेमकं नाव या गावात दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

तुळशीरामनं लग्नाला जाणं सोडलं. भजनात त्याची जागा पुढची होती, ती दारापाशी आली आणि मग दाराबाहेर गेली. मागच्या वैशाखात त्यानं पाणी पिणं कमी केलं. राजेहो, वैशाखात! पातूरच्या उन्हात दिवसभर बागेत राबणारा माणूस तांब्याकडे पाहायचा आणि तोंड फिरवायचा. प्यायलो तर उतरावं लागेल. उतरलो तर हसतील. हा त्याचा हिशेब.

गंगूवहिनी एक दिवस माझ्या घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमीच सांगा न त्याइले. रातीतून सहा-सात खेपा उठतात. धोतर ओलं होते, त मलेही दाखवत नाहीत, सोताच लपून धुतात. माह्यं आयकत नाहीत ते. तुमचं आयकतात."

मी समजावलं. खरंच समजावलं. दिवाळीचा झेंडू आटोपला आणि कार्तिकात मी त्याला अकोल्याला घेऊन गेलो. तिथले डॉक्टर आधी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात होते. तरुण माणूस, पण घाई नाही. त्यांनी तुळशीरामला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, रात्री किती वेळा उठता? सुरू व्हायला वेळ लागतो का? धार बारीक झाली का? मध्येच थांबते का? झाल्यावरही पोट मोकळं वाटत नाही का? रक्त कधी दिसलं? वडिलांना असं काही होतं का?

तुळशीराम प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे पाही आणि मग उत्तर देई. डॉक्टर म्हणाले, "यांच्याकडे काय बघता? हे तुमच्यासाठी लघवी करणार आहेत का?" तेव्हा तो थोडा मोकळा झाला.

मग डॉक्टर म्हणाले, धोतर सोडा, कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या. मागच्या बाजूनं बोट घालून तपासावं लागेल.

तुळशीराम उठून दाराकडे निघाला. मी त्याचा हात धरला. मला म्हणाला, "मास्तर, हे काय बोलून राहिला हा मानूस?" डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बाबा, लघवीच्या पिशवीखाली एक गाठ असते, प्रत्येक पुरुषाला असते. माझ्या बापाला आहे, मला आहे, या मास्तरांना आहे. डोळ्यांनी दिसत नाही. दुसरा रस्ता असता तर मी तुम्हाला हा सांगितला नसता."

तो झोपला. माझा हात घट्ट धरून ठेवला. डॉक्टरांनी रबरी हातमोजा चढवला, तेल लावलं. बैलाच्या खुराला नाल ठोकायला जितका वेळ लागतो त्याच्या पावपटही लागला नाही. झालं. उठा.

डॉक्टर म्हणाले, तरुणपणी ही गाठ सुपारीएवढी असते. वय वाढतं तशी बहुतेकांची वाढते. यांची लिंबापेक्षा मोठी झाली आहे आणि वाट दाबून बसली आहे. पण मऊ आहे, गुळगुळीत आहे. दगडासारखी कडक असती तर मी तोंड पाडून बसलो असतो. ही काढता येईल. अमरावतीला ऑपरेशन होतं. धोका आहे, मी नाही म्हणत नाही. पण यांची प्रकृती दणकट आहे, मूत्रपिंडं अजून चालताहेत. पंधरा दिवसांत या. मी चिठ्ठी देतो.

आणि जाता जाता मला म्हणाले, "मास्तर, पन्नाशी उलटली ना तुमची? त्रास असो, नसो, एकदा तपासून घ्या." मी हसलो. म्हणालो, "मी धडधाकट आहे."

येताना तुळशीराम मोटारीत गाणं गुणगुणत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पातूरच्या अलीकडे माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "मास्तर, थे बोटाचं तेवढं कोनाले सांगजो नको." मी म्हणालो, "वेडा आहेस का?"

चौथ्या दिवशी मी सांगितलं.

न्हाव्याच्या ओट्यावर आम्ही सहा-सात जण बसलो होतो. बोलणं रंगत नव्हतं. कोणी कापसाचं बोलत होतं, कोणी नुसता जांभया देत होता. मला राहवलं नाही. मी उठलो आणि सगळं करून दाखवलं. डॉक्टर झालो, तुळशीराम झालो, दाराकडे पळालो, परत आलो, ओट्यावर कुशीवर झोपलो, गुडघे पोटाशी घेतले, आणि ओरडलो. तो ओरडला नव्हता बरं. तो शेवटपर्यंत गप्प होता. ओरडणं मी घातलं. त्याशिवाय मजा येत नव्हती.

काय हसलात तुम्ही! एक जण ओट्यावरून खाली पडला. न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवला, हात कापेल म्हणून. "मास्तर, पुन्हा एकदा," असं कोणीतरी म्हणालं. मी पुन्हा एकदा केलं.

पुढच्या बाजाराला तुळशीराम टोपली घेऊन आला. त्या दिवशी त्याला कोणी रामराम घातला नाही. वाटेवर जो भेटे तो एक बोट वर करी. नुसतं बोट. बोलणं काही नाही. भाजीवाले, किराणावाले, टांगेवाले. या सभेत बसलेले. ज्यांना आत्ताच पदरानं डोळे पुसताना मी पाहिलं त्याही पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. टोपली पुरी विकली गेली नाही. दुपारी ती तशीच उचलून तो निघाला आणि थेट माझ्या घरी आला.

दारात उभा राहिला. आत ये म्हणालो, तर आला नाही. म्हणाला, "मास्तर, तुवा सांगतलं काय?"

मी म्हणालो, "नाही."

त्यानं टोपली खाली उतरवली. मग म्हणाला, "बरं." आणि गेला. ती शेवंतीची टोपली माझ्या उंबऱ्याशी ठेवून गेला. काहून ठेवून गेला, ते मला आजतागायत समजलं नाही.

अमरावतीला जायचं गाठोडं गंगूवहिनींनी बांधून ठेवलं होतं. ते त्यानं सोडायला लावलं. त्या रडल्या, पाया पडल्या. तो म्हणाला, "तिथं कापतीन, थेही हे लोक करून दाखवतीन." त्यानंतर दवाखान्याचं नाव घरात काढायची सोय उरली नाही.

सहा महिने गेले. मी त्याच्या घरी गेलो नाही. लाज वाटत होती असं मी स्वतःला सांगत होतो. लाज नव्हती, मंडळी. तो पुन्हा विचारेल आणि मला पुन्हा नाही म्हणावं लागेल, याचा कंटाळा होता.

या वैशाखात त्याची लघवी पुरती बंद पडली. दोन दिवस त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. बागेत खोपीत पडून राहिला. तिसऱ्या दिवशी ती जेवण घेऊन गेली, तर हा माती मुठीत धरून लोळत होता. पोट मडक्यासारखं वर आलेलं. तिनं मला बोलावणं धाडलं. मी पोचलो तोवर कोणीतरी एक फिरता वैदू आणला होता. त्याच्याजवळ एक धातूची सळई होती. ती त्यानं धोतराला पुसली आणि घातली.

मायबहिणींनो, मी म्हणालो होतो की मी ओरडणं पदरचं घातलं होतं. त्या दिवशी मी खरं ऐकलं. ते मला करून दाखवता येणार नाही.

रक्त आलं. लघवी आली नाही. मी पुढं झालो, म्हणालो, "तुळशीराम, मोटार आणतो, अकोल्याला जाऊ." त्यानं डोळे उघडले. घामानं भिजला होता, पण आवाज शांत होता. म्हणाला, "मास्तर, तू बायेर जाय. न्हाई त तुले आनखी एक गोठ भेटन सांगाले."

मी बाहेर गेलो.

मोटार मीच आणली. त्याच्या भाच्यांनी त्याला उचलून घातलं. अकोल्यात डॉक्टरांनी रबरी नळीनं पोट मोकळं केलं. पण आत पू झाला होता, मूत्रपिंडं बसली होती. ताप उतरेना. पाच दिवस गेले. मला आत येऊ देत नव्हता, मी दवाखान्याच्या पायरीवर बसायचो. पाचव्या दिवशी डॉक्टर बाहेर आले. त्यांचाही चेहरा पडला होता आणि राग आला होता. मला म्हणाले, "मी पंधरा दिवसांत या म्हटलं होतं. सहा महिने कुठं होता तुम्ही? रस्ता बंद होता का?"

मला उत्तर सुचलं नाही. मला! उत्तर दिलं ते गंगूवहिनींनी. त्या माझ्या मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "रस्ता चांगला व्हता, डाक्टरसायेब. रस्त्यावर मानसं व्हती."

तुळशीराम त्याच दुपारी गेला.

मंडळी, आता थोडंच राहिलं आहे. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी एकटा अकोल्याला गेलो. कारण मीही रात्री चारदा उठतो. आजचं नाही, दोन वर्षं झाली. ओट्यावर तुळशीराम करून दाखवत होतो, तेव्हाही मी आदल्या रात्री चारदा उठलो होतो. घरात कोणी नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. एवढाच माझ्यात आणि त्याच्यात फरक.

मी कुशीवर झोपलो. गुडघे पोटाशी घेतले. धरायला कोणाचा हात नव्हता. डॉक्टरांनी तपासलं. गाठ वाढली आहे, मऊ आहे. काढता येईल. पुढच्या सोमवारी मी अमरावतीला चाललो आहे.

म्हणजे मी बहुधा वाचेन. ज्यानं करून दाखवलं तो वाचेल. ज्यानं मुकाट्यानं करून घेतलं तो गेला. यात देवाज्ञा कुठं आली, ते पहिल्या वक्त्यांनी मला सभा संपल्यावर सांगावं.

काल मी गंगूवहिनींकडे गेलो. म्हणालो, वहिनी, उद्या सभेत सगळं सांगतो. त्या शेवंतीच्या वाफ्यात तण काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगा. खरं सांगा. पन या वक्ती हासवू नका." मी माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही. आजही दिलेली नाही, आणि त्यांनी ती द्यावी म्हणून मी इथं उभा नाही. तुमच्यातल्या कोणी मध्यस्थीला जाऊ नये.

आणखी एक. अकोल्याचे डॉक्टर येत्या रविवारी पातूरला येत आहेत. मी पाय धरले तेव्हा कबूल झाले. शाळेच्या मागच्या खोलीत सकाळपासून बसतील. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकानं जावं. त्रास असेल त्यानं जावं, त्रास नसेल त्यानंही जावं, कारण त्रास नाही असं मीही हसून म्हटलं होतं. ज्याच्या बापाला होतं त्यानं तर आधी जावं. दारावर मी बसणार नाही. मी बसलो तर तुम्ही कोणी येणार नाही, आणि ते बरोबरच आहे. दारावर गंगूवहिनी बसणार आहेत. मी म्हणालो, वहिनी, अजून महिना झाला नाही, लोक काय म्हणतील? त्या म्हणाल्या, "आता आनखी काय म्हनतीन? मी बसतो. पायतो कोन हासते थे."

माझं संपलं. अध्यक्ष महाराज, वेळ जास्त घेतला. त्याचे गुण सांगा म्हणाला होतात, ते राहूनच गेले.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे. दोन मिनिटं म्हटली तर काही फार नाहीत, पण इथल्या काही जणांना तेवढीही निभणार नाहीत, हे मी आता ओळखतो. ज्याला जावं लागेल त्यानं मधूनच जावं. खुशाल जावं. बाकीच्यांनी डोळे मिटलेले ठेवावेत. पावलं वाजली तरी उघडू नयेत.

तुळशीराम, माझा रामराम घे. नसेल घ्यायचा तर घेऊ नको.

उभे राहा, मंडळी.